वीरगळ, सतीशिळा, कबरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात गावोगावच्या स्मारकशिळांवर एक छोटं टिपण दिलं होतं, त्यावर इतके मेल आणि फोटो आले की यावेळचं सदर सगळं त्यालाच द्यायचं ठरवलं. वीरगळापासून कबरींपर्यंत सगळ्या प्रकारचे प्रश्न आहेत. काही पत्रं लांब होती ती कापलीयेत, मुद्दा तोच ठेवलाय.

आमच्या गावात भैरवनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार चालू आहे. जुना ओटा फोडला तेव्हा त्यातून काही कोरीव दगड निघाले. प्रत्येकावर तीन-चार कप्पे, त्यात माणसं, गाई, एक घोडा. कुणी म्हणतं देव आहेत, कुणी म्हणतं पांडव. कमिटीचं म्हणणं आहे की छान ऑईल पेंट मारून कंपाउंडला बसवू. हे काय आहे?
— एक वाचक, मावळ

आधी पेंट थांबवा. खरंच, हे उत्तर पुढे वाचायच्या आधी कमिटीतल्या कुणालातरी फोन करा, कारण एकदा ऑईल पेंट बसला की तो दगडाच्या बारीक छिद्रांत जातो, आतली ओल बाहेर पडायला जागा उरत नाही आणि काही वर्षांत वरचा पापुद्राच सुटतो, मग त्यासोबत चेहरे, शस्त्रं, दागिने सगळं जातं.

आता दगडांबद्दल. हे वीरगळ आहेत. गावासाठी, गुरांसाठी, धन्यासाठी लढताना जो मेला त्याची आठवण म्हणून उभा केलेला दगड. ही कबर नाही, खाली अस्थी असतीलच असंही नाही, पण मेलेल्या माणसाचं नाव न लिहिता त्याची गोष्ट सांगायची आपल्याकडची सगळ्यात सुंदर पद्धत मला हीच वाटते.

वीरगळ नेहमी खालून वर वाचायचा. वर देव दिसतो म्हणून लोक वरून बघायला लागतात आणि तिथेच गोंधळ होतो. सगळ्यात खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला असतो, म्हणजे मेलेला. शेजारी गाईंची रांग कोरलेली असेल तर समजायचं की गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना गेला. तुमच्या फोटोतल्या दुसऱ्या दगडात अगदी हेच आहे, नीट बघा, गाईंची तोंडं सगळी एकाच दिशेला आहेत आणि शेवटच्या गाईच्या मागे एक माणूस धनुष्य ताणून उभा आहे. त्याच्या वरचा कप्पा लढाईचा. ढाल-तलवार, भाला, धनुष्य, घोडा, जे त्या माणसाचं होतं ते. वीर बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा काढलेला असतो म्हणून ओळखता येतो. त्याच्या वर अप्सरा, दोन बाजूंनी दोघी, वीराला मध्ये धरून वर नेतायत, कधी पालखीत, कधी विमानात, कधी नुसतं दंडाला धरून. आणि सगळ्यात वर वीर हात जोडून बसलाय, समोर शिवलिंग, कधी पलीकडे पूजा सांगणारा पुजारी, म्हणजे कैलासाला पोचला. दगडाच्या माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

बघा, मेलेला माणूस सगळ्यात खाली आणि तोच माणूस तीन कप्पे वर जाऊन देवासमोर बसलेला. ज्या बाईचा नवरा किंवा मुलगा गेला ती रोज पाणी आणायला जाताना हा दगड बघत असेल, तिला लिहिता-वाचता येत असण्याची काही गरज नव्हती. कर्नाटकात वीरगळांवर लेख भरपूर सापडतात, आपल्याकडे फार कमी, बहुतेक मुकेच. त्यामुळे काळ ठरवायला कपडे, केसांची ठेवण, शस्त्रं आणि कोरण्याची पद्धत यांवरच भिस्त असते. सातारा जिल्ह्यात वाईजवळ किकली नावाचं गाव आहे, तिथल्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात इतके वीरगळ आहेत की एका जागी उभं राहून प्रकार तुलना करून बघता येतात, कमिटीला शक्य असेल तर एकदा गाडी काढून जाऊन या, तुमचे दगड तुम्हाला जास्त कळायला लागतील.

आणि मुंबईकरांसाठी, बोरिवलीला एकसर गावात जे वीरगळ आहेत ते तर जहाजांचे आहेत! जवळजवळ दहा फूट उंच दगड, त्यावर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, पाण्यात पडणारी माणसं. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात १२६५ च्या सुमाराला जी लढाई झाली तिच्याशी बरेच अभ्यासक हे दगड जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला असं यादवांचा मंत्री हेमाद्री लिहून गेलाय. समुद्रावरची लढाई इतक्या तपशिलात कोरलेली आपल्याकडे फारच क्वचित सापडते, आणि ती लोकल स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे, तरी बोरिवलीत जन्म काढलेल्या कितीतरी लोकांना माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या गावात काय करायचं : दगड सिमेंटमध्ये गाडू नका, भिंतीत चिणू नका. खाली विटांचा किंवा दगडांचा थोडा उंच ओटा करून, वर साधं छप्पर, आणि ज्या ओट्यातून निघाले ती जागा, दिशा, फोटो, तारीख एका वहीत. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, तेव्हा तहसीलदारांना आणि राज्य पुरातत्त्व विभागाला पत्र द्या. गावकरी शेंदूर लावतात, नारळ फोडतात, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कित्येक घरांच्या देव्हाऱ्यात आजही वीराचा टाक असतो, त्या भक्तीमुळेच हे दगड टिकलेत. फक्त शेंदराचे थर चढवण्याऐवजी पायाशी एक टिकली लावली तरी पूजा होते एवढं सांगून बघा.

सोबत फोटो पाठवतो. वर चंद्र-सूर्य आहेत पण खाली गाढव आणि एक बाई कोरलीय. हा पण वीरगळच ना?
— एक वाचक, रायगड जिल्हा

नाही. हा गधेगळ. दान दिलेली जमीन जो कुणी हिसकावेल त्याला दिलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली, आणि चंद्र-सूर्य यासाठी की दान कायमचं आहे. मरणाशी संबंध नाही. पण तुमच्या फोटोत दोन आकृत्यांच्या मधल्या भागात अक्षरांसारखं काहीतरी दिसतंय. तिथे लेख असेल तर तो दगड फार मोलाचा आहे, तुमच्याच जिल्ह्यातला अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मराठी शिलालेख अशाच गधेगळावर आहे. कसे फोटो काढायचे ते शेवटच्या उत्तरात लिहिलंय, तसे काढून पाठवा.

माझ्या सासरच्या गावी वेशीवर एक दगड आहे, त्यावर कोपरातून वाकलेला एक हात, हातात बांगड्या. सासूबाई सांगतात सतीचा हात आहे, ओटी भर. मला भरावीशी वाटत नाही पण तो हात बघून पुढे जाववतही नाही. काय समजायचं याला?
— एक वाचक, ठाणे

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं.

सासूबाई सांगतात ते बरोबर आहे, ती सतीशिळा आहे. कोपरात काटकोनात वाकलेला हात, पंजा वर, बोटं उघडी. बांगड्या मुद्दाम कोरतात कारण बांगड्या फुटलेल्या नाहीत, म्हणजे ती सवाष्ण गेली हे सांगायचंय. कधी पंजात लिंबू दिसतं, कधी हात एका खांबातून निघालेला असतो. पुष्कळ ठिकाणी वीरगळ आणि सतीचा हात एकाच दगडावर असतात, खाली नवरा लढाईत पडलेला आणि बाजूला हा हात. सगळ्या बाईमधून फक्त एक हात शिल्लक ठेवलाय. चेहरा नाही, नाव नाही, ती किती वर्षांची होती ते नाही. वीराला तीन कप्प्यांची गोष्ट मिळाली आणि तिला हात.

ओटी भरायची की नाही हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर मी भरणार नाही. १९८७ च्या कायद्याने सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या हातामागे काय घडलं असेल ते माहीत असताना माझ्याने ते होणार नाही. पण दगड हलवावा, फोडावा असं म्हणणारेही भेटतात, ते मला अजिबात पटत नाही. तो दगड म्हणजे त्या बाईचा एकमेव पुरावा आहे. तुम्ही थबकता ना तिथे, ते थबकणंच बरोबर आहे. सासूबाईंना एक विचारून बघा, त्या सतीचं काही नाव, कुठल्या घरातली, असं त्यांच्या सासूने कधी सांगितलं होतं का, कारण अशा गोष्टी बायकांच्या तोंडीच राहिलेल्या असतात आणि ती पिढी चाललीय.

वसई किल्ल्यातल्या चर्चमध्ये जमिनीवर अक्षरं आणि कवटी कोरलेले मोठे दगड आहेत. लोक त्यावरून चालतात, फोटोशूट करतात. हे थडगं असेल तर इतकं पायदळी का? आणि कवटी कशाला, धोका आहे म्हणून का?
— एक वाचक, विरार

धोका वगैरे काही नाही. कवटी आणि त्याखाली दोन हाडांची फुली ही त्या काळच्या युरोपातली नेहमीची खूण, बघणाऱ्याला सांगणारी की बाबा तुलाही एक दिवस इथेच यायचंय.

वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. या दोनशे वर्षांत इथे जी बडी घराणी राहिली त्यांनी चर्चच्या आत पुरलं जाण्यासाठी जागा घेतल्या, फ्रान्सिस्कन चर्चमध्ये हे दगड सगळ्यात जास्त बघायला मिळतात. वेदीच्या जितकं जवळ तितका मान. आणि जमिनीलगत म्हणजे लोक वरून चालणार हे त्यांना पक्कं माहीत होतं, प्रार्थनेला येणाऱ्यांच्या पायाखाली असणं यात नम्रताही होती आणि येणारा-जाणारा नाव वाचून दोन शब्द प्रार्थना म्हणेल ही आशाही. तेव्हा चालणं हा अपमान नाही, पण आता चर्चला छप्पर नाही, पाऊस थेट दगडावर पडतो आणि वर बुटांची घासाघीस, त्याने अक्षरं चाललीयेत, म्हणून कडेने जावं हे चांगलं.

वाचायला सोपं आहे, थोडी सवय लागते. सुरुवातीला बहुतेक 'सेपुल्तुरा' हा शब्द दिसेल, म्हणजे थडगं, किंवा 'आकी जाझ', म्हणजे इथे निजलाय. यू च्या जागी व्ही कोरलेला असतो आणि जागा वाचवायला दोन-दोन अक्षरं एकमेकांत अडकवलेली असतात, त्यामुळे पहिल्यांदा काहीच लागत नाही. मग नाव, हुद्दा, आणि पुष्कळदा शेवटी 'आणि त्याच्या वारसांचं' असं. म्हणजे एकाच दगडाखाली पिढ्यानपिढ्या. घराण्याचं चिन्ह वरच्या भागात, ढालीच्या आकारात, वर शिरस्त्राण. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची जमीन अशाच दगडांनी भरलेली आहे, तिथे छप्पर शाबूत असल्याने कोरीव काम वसईपेक्षा खूप स्पष्ट राहिलंय, वसईचं वाचायला शिकायचं तर आधी गोव्याचं बघावं.

खुलदाबादला काही कबरींवर मध्ये उभट लांब पट्टी असते आणि काहींवर सपाट पाटी. कारागिराची आवड की काही अर्थ आहे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

अर्थ आहे. उभट पट्टी म्हणजे कलमदान, पुरुषाची कबर. सपाट पाटी म्हणजे तख्ती, बाईची कबर. लिहिणारा कलमदान आणि जिच्यावर लिहायचं ती पाटी, असं त्याचं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं (मला हे स्पष्टीकरण फारसं आवडत नाही, पण खूण म्हणून उपयोगी आहे). ताजमहालातही शाहजहानच्या कबरीवर कलमदान आणि मुमताजच्या कबरीवर पाटी आहे. दिशा पण बघा. आपल्याकडे कबर उत्तर-दक्षिण असते, डोकं उत्तरेला, देह उजव्या कुशीवर, म्हणजे तोंड पश्चिमेला मक्केकडे होतं.

खुलदाबादला गेलात की दोन कबरी एका दिवसात बघा. मलिक अंबरची, १६२६ मध्ये वारला, भक्कम घुमटाखाली. गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याचा घुमट. आणि औरंगजेबाची, १७०७ मध्ये अहमदनगरला वारला, जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्यात आणून पुरला, वर छप्पर नाही, कबरीवर माती आणि त्यात सब्जा. आज दिसते ती संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची, इंग्रजी अमदानीतली. कोण किती मोठा होता हे कबरीच्या आकारावरून ठरवायला गेलं की माणूस हमखास चुकतो, ते इथे समोरासमोर दिसतं.

घुमट असला म्हणजे मुसलमानाचीच कबर, असं समजायचं ना? सुरतेला कतारगाम दरवाज्याकडे इंग्रजांच्या कबरस्तानात घुमट बघून गोंधळलो.
— एक मराठी वाचक, सुरत

नाही, आणि तुमच्या गावात याचा सगळ्यात भारी नमुना आहे. तिथली सगळ्यात मोठी कबर जॉर्ज ऑक्झेंडनची. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवून धरणारा तो हाच. १६६९ मध्ये तो तिथेच वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आधीच तिथे पुरलेला होता. मुघल सरदारांचे मकबरे बघून, आपणही कुणी कमी नाही हे गावाला दाखवायला इंग्रजांनी घुमट, कमानी, खांब सगळं उचललं, आणि मग डचांनी त्यांच्यावर कडी करायला त्यांचा अधिकारी व्हान ऱ्हीड याचा मकबरा बांधला. हा १६९१ मध्ये वारला, मलबारच्या झाडाझुडपांवरचा मोठा ग्रंथ याच्याच पुढाकाराने तयार झाला. मेल्यावरही वखारींची स्पर्धा चालूच होती.

आम्ही बेने इस्राएल, आता अश्दोदला राहतो. पणजोबांच्या कबरीचा अलिबागजवळचा फोटो काकांकडे मिळाला. मराठी अक्षरं पुसट झालीत, साल लागत नाही. वर हिब्रू आहे, पण नातवंडांना ते साल आकड्यात कसं करायचं ते माहीत नाही.
— एक वाचक, इस्रायल

तुमचा फोटो बघून फार आनंद झाला. एकाच दगडावर हिब्रू आणि बाळबोध मराठी, हे आपल्या किनाऱ्याचंच वैभव आहे.

वरची दोन अक्षरं, पे आणि नून, 'इथे पुरलेला आहे' याची. अगदी खालची पाच अक्षरं, तव-नून-त्सादी-बेत-हे, 'त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो' या वाक्याची आद्याक्षरं, ती जवळपास प्रत्येक ज्यू कबरीवर सापडतील. साल यांच्या मधल्या ओळीत, आणि ते अक्षरांतच असतं, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे. तुमच्या फोटोत मला तव, रेश, सामेख दिसतायत. तव ४००, रेश २००, सामेख ६०, झाले ६६०. सुरुवातीचे पाच हजार बहुतेक वेळा लिहीत नाहीत. आता ६६० मध्ये १२४० मिळवा, आले १९००. फक्त एक लक्षात ठेवा, ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं, त्यामुळे महिना तिश्री, हेश्वान, किस्लेव किंवा तेवेत असेल तर साल १८९९ धरायचं. तुमच्या दगडावर महिन्याचा शब्द अर्धा तुटलाय, पण पहिलं अक्षर अलेफ वाटतंय, म्हणजे अदार, अव किंवा एलुल यांपैकी काहीतरी. अय्यारही अलेफनेच सुरू होतो. यातला कुठलाही असला तरी साल १९०० च.

नाव बघताना 'बेन' च्या पुढे वडिलांचं नाव येतं, ते मराठी ओळीतल्या आडनावाशी जोडून घ्या. तुमचं आडनाव -कर वालं आहे म्हणजे गावही हाती लागतं, रोहेकर, पेणकर, किहीमकर तसंच. आणि नातवंडांना कधी घेऊन आलात तर नवगावला जरूर न्या. जहाज फुटून जे सात पुरुष आणि सात बायका वाचले त्यांच्यापासून समाज वाढला आणि जे बुडाले त्यांना तिथे पुरलं अशी तुमची परंपरा सांगते, तिथे आता स्मारक आहे.

शिवडीच्या कबरस्तानात मधूनच तोडलेला खांब दिसला, वर मोडलेला. कुणी तोडफोड केली का?
— एक वाचक, परळ

नाही, तो मुद्दाम मोडका घडवलेला असतो. आयुष्य मध्येच तुटलं, तरुणपणी गेला, असं सांगायला. कड बघा, खरी तुटलेली असेल तर खडबडीत आणि खाली तुकडे, घडवलेली असेल तर तिरकी आणि छिन्नीने सफाईदार केलेली. नांगर दिसला तर खलाशीच असेल असं नाही, ती आशेची खूण आहे. कापड टाकलेला कलश म्हणजे शोक. सीएसएमटीचं स्टेशन ज्याने उभं केलं त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची कबर याच कबरस्तानात आहे, १९०० मध्ये वारला, पुन्हा गेलात तर शोधा.

अक्षरं पुसट असतील तर वाचायला खडू, पीठ, रंग यातलं काय चालेल? आम्ही मित्र दर रविवारी फिरतो.
— कॉलेजचा एक गट, नाशिक

यातलं काहीही नाही. खडू दगडात शिरतो आणि रेघ ओढताना तुम्ही जे अक्षर समजलात तेच कायमचं काढून बसता. पिठाने किडे, बुरशी. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण नको, शेवाळ दिसलं म्हणून खरवडूही नका, त्याखाली दगड कुजलेला असेल तर सगळंच हातात येतं.

एक मोठा टॉर्च घ्या, जमलं तर कातरवेळी जा म्हणजे आजूबाजूला उजेड कमी असतो. टॉर्च दगडाच्या अगदी बाजूला, जवळजवळ टेकवून, आडवा धरा. समोरून प्रकाश टाकला तर सगळं सपाट दिसतं, बाजूने टाकला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि नुसत्या डोळ्याला न दिसलेल्या ओळी उठून येतात. एकाने टॉर्च फिरवायचा, एकाने कॅमेरा न हलवता फोटो काढायचे, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, प्रत्येक बाजूचा वेगळा. एका बाजूने 'व' वाटणारं अक्षर दुसऱ्या बाजूने 'ब' निघतं, म्हणून एकाच फोटोवर वाचन करायचं नाही. शेजारी पट्टी ठेवून एक फोटो मापासाठी, एक लांबून आजूबाजूच्या परिसरासकट, आणि फोनमध्ये लोकेशन चालू. कबरस्तान असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारा, चालू दफनभूमीत नातेवाईक आलेले असतात. सगळं झालं की फोटो आणि टिपण तिथल्या ट्रस्टकडे किंवा ग्रामपंचायतीकडे द्या, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात निवडक छापू.